तीन दहाची चांदणवाडी

आमच्या रेडिओच्या टापूत आज जी पोरं दोन ते पाच वर्षांची आहेत, त्या सगळ्यांना मुगाचं वरण ही एक एसटीची गाडी आहे असं वाटतं, आणि याला सर्वस्वी माझ्या बायकोचे मामा जबाबदार आहेत. ही पोरं उद्या शाळेत जातील. गुरुजी म्हणतील, वाहतुकीची साधने सांगा. पोरं सांगतील, बैलगाडी, रेल्वे, विमान आणि ज्वारीच्या कण्या. गुरुजी डोक्याला हात लावून बसतील. अशा वेळी त्यांनी वरपर्यंत तक्रार न करता सरळ मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी यावं आणि मामांना भेटावं. येताना मात्र दिलेल्या वेळी यावं. मामांना उशीर खपत नाही, आणि लवकर आलेला माणूस तर त्याहून खपत नाही.

मामा एसटीत कंट्रोलर होते. तालुक्याच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीआड बसून त्यांनी तीसेक वर्षं गाड्या पुकारल्या. एरवी मामा आपल्या-तुपल्यासारखंच बोलतात. "काय जावई, कुटं निगालाव? च्या तरी घ्या की." पण समोर माइक आला, की ते घसा खाकरतात, माइकवर तीनदा फुंकर मारतात आणि चौथ्या श्वासाला त्यांच्या तोंडातून छापील पुस्तक बाहेर पडू लागतं. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर शेतात कूपनलिका खणतात. मामांनी घरातल्या गाड्या पुकारायला घेतल्या. अंघोळीचं पाणी तापलं, की मधल्या दारात उभे राहून, हाताचा भोंगा करून, "न्हाणीघराकडे जाणारी सात वीसची गाडी लागलेली आहे." मामी चुलीपुढून विचारायच्या, "झाला का पुकारा? मग उटा आता." पुकारल्याशिवाय मामा जेवत नाहीत. एका लग्नात त्यांच्या हाती बँडवाल्याचा माइक लागला. तिथे सगळे हातात ताटल्या घेऊन उभ्याने जेवत होते. मामांनी जाहीर केलं, "उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रवाशांना कळविण्यात येते, की मंडपात आसने रिकामी आहेत." दीडशे माणसं हातातल्या ताटल्या घेऊन मुकाट खाली बसली. नवरदेवही बसला. त्याला परत उभं करायला भटजींना खाली यावं लागलं.

एवढ्या मोठ्या नोकरीत मामांना एकच मेमो मिळाला. वेळापत्रकात नसलेली गाडी पुकारल्याबद्दल. ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे आणि ती का घडली हे कुणालाच माहीत नाही. विचारलं, की मामा मनगटावरचं घड्याळ बघतात आणि त्यांना कुठेतरी जायचं असतं. जो माणूस मिनिटभर उशिरा आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी आठवडाभर बोलत नसे, त्याने नसलेली गाडी पुकारावी म्हणजे सोवळ्यातल्या माणसाने कांदा खाल्ल्यासारखंच झालं. आम्ही तो विषय सोडून दिला होता.

आता माझं सांगतो. मी एका संस्थेचा रेडिओ चालवतो. म्हणजे केंद्रप्रमुख मी, निवेदक मी, तंत्रज्ञ मी आणि सकाळी झाडू मारणाराही मीच. दोन खोल्या, गच्चीवर एक मनोरा आणि त्याचा आवाज जाईल तेवढी वीस-बावीस गावं. संस्थेने अंगणवाड्यांना आणि तान्ह्या पोरांच्या घरी लहान लहान रेडिओ वाटले होते. लहानग्यांच्या पोटात काय जावं हे आयांना-आज्यांना रेडिओवरून कळावं, असा हेतू. हेतूत खोट नव्हती. आमच्याकडे ज्वारी आहे, तूर आहे, शेंगा आहेत, दारात शेवगा आणि शेवग्याखाली कोंबडी आहे. आणि बाळाच्या तोंडात मात्र चहात बुडवलेलं बिस्कीट. फारच लाड करायचे झाले, तर वरणाचं वरवरचं पाणी. यावर रोज अकरा वाजता शहरातल्या एक तज्ज्ञ बाई येऊन बोलायच्या. अतिशय विद्वान आणि मनाने गोड बाई. पण 'पूरक आहारातील सूक्ष्म पोषकद्रव्यांची घनता' हे शब्द आमच्या मनोऱ्यावरून निघाले, की पहिल्या बांधाशीच आडवे होत. मी एकदा आमच्या गावातल्या शेवंताआक्कांना विचारलं, बाईंचा कार्यक्रम ऐकता का? त्या म्हणाल्या, "रोज ऐकती की. लई ग्वाड आवाज. ऐकता ऐकता कवा डोळा लागतो कळत न्हाय बगा." बाळंही त्या वेळी शांत झोपत. तेवढाच काय तो परिणाम.

मामा आमच्या केंद्रावर प्रथम आले ते भांडायला. आमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, अशी त्यांची तक्रार होती. मी दुर्लक्ष केलं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी स्वतःच स्टूल घेऊन भिंतीवरच्या घड्याळाशी झटू लागले, आणि नेमकी त्याच दिवशी बाईंची मोटार वाटेत बंद पडली. अकराला पाच मिनिटं कमी. मी घायकुतीला येऊन मामांना खुर्चीत बसवलं, बाईंचा कागद हातात दिला आणि म्हटलं, वाचा. मामांनी दोन ओळी वाचल्या, कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात टायमिंग कुटं हाय?" मग कागद बाजूला ठेवला, माइकवर तीनदा फुंकर मारली आणि मी अडवायच्या आत सुरू झाले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एक, वय सहा ते आठ महिने. अकरा वाजताची ज्वारीच्या कण्यांची गाडी लागलेली आहे. गाडी मऊ शिजलेली असून, मार्गे मुगाचे वरण व तूप अशी जाईल. फलाट क्रमांक दोन, वय नऊ ते अकरा महिने. भाकरी दुधात कुस्करून, सोबत उकडलेले अंडे. फलाट क्रमांक तीन, वर्षावरील प्रवासी, घरात शिजले ते सर्व, तिखट वगळून. चमच्यावरून घसरणारी गाडी रिकामी समजावी व तीत कोणीही बसू नये. धन्यवाद."

मी कपाळावर हात मारला. आता संस्था आपल्याला घरी बसवणार, असं मनाशी म्हणतोय तोच फोन वाजला. आमच्या केंद्राचा फोन चुकून लागला तरच वाजत असे. पलीकडून एक बाई धापा टाकत विचारत होती, "अवो, आमचं साडेआठ म्हयन्याचं हाय. त्याला कंच्या फलाटावर बसवू?" मामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे सांगितलं, "एक नंबरवरच बसवा. पुडच्या म्हयन्यात बदली करू." त्या तासाभरात अजून सहा फोन आले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, त्यांनी आदल्या दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "मी काय द्यायचं ते लिहून देत जाईन. पुकारायचं यांनीच." बाई मोठ्या मनाच्या होत्या म्हणून हे झालं. मी त्यांच्या जागी असतो तर रुसलो असतो.

मग बाईंनी आणि मामांनी बसून वेळापत्रक तयार केलं. संस्थेचा शिक्का घेतल्याशिवाय मामांनी त्याला हात लावला नाही. सकाळी साडेआठ, अकरा, दुपारी एक, संध्याकाळी सहा. बाई एक शास्त्र सांगायच्या आणि मामा त्याची गाडी करायचे. बाळाचं पोट लहान असतं, थोडं थोडं पण पुष्कळदा द्यावं, असं बाई म्हणाल्या. मामांनी पुकारलं, "प्रवासी वाहन लहान असल्याने फेऱ्या वाढविण्यात येत आहेत." आईच्या दुधाविषयी माइकवर बोलायला मामांना संकोच वाटे. त्यांनी त्याचं नाव मुक्कामाची गाडी ठेवलं. "मुक्कामाची गाडी दोन वर्षांपर्यंत बंद करू नये," असं ते रोज सांगत, आणि आयांना बरोबर कळे. चहा-बिस्कीट, रंगीत पुड्यांतले कुरकुरीत पदार्थ आणि गोळ्या यांना मात्र ते वडाप म्हणत. आमच्याकडे स्टँडच्या तोंडाशी उभं राहून एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. मामांचं अर्धं आयुष्य वडापशी भांडण्यात गेलं होतं. "एकदा का माणूस वडापात बसला, की मागनं एशटी आली काय आन् गेली काय!" असं ते म्हणायचे. दुपारच्या जेवणाआधी बिस्कीट खाल्लेलं पोर वरणाकडे का बघत नाही, हे यापेक्षा सोपं करून आजवर कुणी सांगितलेलं नाही.

लोकांनी मामांचं इतकं मनावर घेतलं, की पुढे पुढे ते धोक्याचं झालं. एकदा तूर शिजायला वेळ लागतो असं बाईंनी सहज म्हटलं, म्हणून मामांनी पुकारलं, "एक वाजताची वरण-भात गाडी वीस मिनिटे उशिरा धावत आहे." वीस-बावीस गावांतली पोरं वीस मिनिटं भुकेने रडत बसली, आणि त्यांच्या आज्या शिजलेलं वरण समोर ठेवून त्यांना सांगत होत्या, "लेकरा, गाडीच लागली न्हाय रं अजून." त्याच महिन्यात वीज गेली आणि आमचा मनोरा दोन तास मुका झाला. त्या दुपारी माझ्या मोबाइलवर आलेल्या फोनांतला एक अजून कानात आहे. म्हातारा खालच्या आवाजात विचारत होता, "साहेब, संप हाय का काय?" मामांना हे कळलं तेव्हा ते मोटारसायकलवर मागे बसून, हातात भोंगा घेऊन गावोगाव हिंडले आणि पुकारून आले, "पुकारा झाला न्हाय तरी टायमाला गाडी सोडत जावा!"

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो मात्र स्टँडवर. मामा जुन्या जागी सहज भेटायला गेले होते. तिथल्या नव्या कंट्रोलरने आदराने माइक पुढे केला. मामांना मोह आवरला नाही. दुपारचा एक वाजला होता. मामांनी तीन फुंकरा मारल्या आणि "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सोलापूरला जाणारी..." एवढंच म्हणाले. स्टँडवर आयांच्या मांडीवर, आज्यांच्या कडेवर, बापांच्या खांद्यावर जेवढी तान्ही होती तेवढ्या सगळ्यांनी एकदम आ वासला. झोपेतल्या एकाने डोळे न उघडताच वासला. सोलापूरची गाडी लागली, पण तीत कुणी चढेना. उघडलेल्या तोंडात काहीतरी घालायला हवं म्हणून सगळी बायामाणसं फलाटावर धावत होती. फळवाल्याची केळी पाच मिनिटांत संपली. कंडक्टर घंटी मारून मारून थकला. शेवटी गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली, आणि ती आपल्यामुळे, या दुःखाने मामा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे पुकारत होते, पण जेवत नव्हते.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना ईश्वरी आली. ईश्वरी म्हणजे शेवंताआक्कांची नात. वय वर्ष सव्वा, डोळे मोठे आणि मनगट माझ्या अंगठ्याएवढं. तिचा बाप उसाच्या ट्रॅक्टरवर, आई सकाळी शेतात खुरपायला-भांगलायला जायची ती सहाला परतायची. दिवसभर पोर आक्कांपाशी. मामांचा आवाज आला, की ईश्वरी शिकवल्यासारखं तोंड उघडायची, चार घास खायची आणि दार लावून घ्यायची. पाचवा घास कुणाचा बाप आला तरी आत जायचा नाही. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं होतात आणि कार्डावर टिंब पडतं. ईश्वरीचं टिंब दोन महिने जागचं हललं नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी आक्कांना सांगितलं, पुढच्या वजनाला काटा हलला नाही, तर पोरीला सोलापूरला दवाखान्यात भरती करावं लागेल. आक्का एवढ्या खमक्या बाई, पण त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "एवडीशी प्वार. तितं अनोळखी माणसांत तोंड तरी उगडंल का ती?"

ताई आणि बाई यांनी विचार करून उपाय काढला. एक ते सहा या मधल्या वेळात पोरीच्या पोटात काही जात नाही. तिथे एक जास्तीचं खाणं हवं. ती मामांच्या आवाजाशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा मामांनी तिच्यासाठी तीनच्या सुमाराला एकदा पुकारावं. किती साधी गोष्ट! पण ताईंनी हे सांगितलं मात्र, आणि मामांचा चेहरा एकदम बंद झाला.

"येळापत्रकात नसलेली गाडी मी पुकारीत न्हाय."

"अहो मामा, एका पोरीचा प्रश्न आहे," ताई म्हणाल्या.

"एका पॅशिंजरासाटी गाडी सोडत असत्यात का कुटं? संस्थेचा शिक्का आणा, मग पुकारतो."

संस्थेचा शिक्का म्हणजे पुण्याचं कार्यालय, बैठक आणि महिना-दीड महिना. वजनाला उरले होते वीस दिवस. मी चिडलो. मामांना म्हटलं, तुमच्या त्या शिस्तीपुढे तुम्हाला लेकरू दिसत नाही का? खरं सांगतो, मी आणखीही बोललो. ते इथे लिहायची मला लाज वाटते. मामांनी घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि ते निघून गेले. पाळी संपायला सात मिनिटं बाकी होती. मामा वेळेआधी उठल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेलं भांडण पुरं करायला मी त्यांच्या घरी गेलो. मामा नव्हते, घड्याळ दुरुस्तीला दाखवायला गेलेत, असं मामी म्हणाल्या. त्या उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत बसल्या होत्या. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. मामींचा हात थांबला. मग त्यांनी पदराला हात पुसले, आत जाऊन लग्नाच्या फोटोमागचा एक पिवळा कागद आणला आणि माझ्यापुढे ठेवला. तो मेमो होता.

"आमचं क्वार्टर स्टँडाच्या मागंच होतं," मामी सांगू लागल्या. "आमचा परकाश दीड वर्साचा आसंल. गोवर झाला आन् त्यानं खाणंच सोडलं. हाडं दिसाय लागली. ह्यास्नी सुट्टी मिळंना. पर खिडकीतनं ह्यांचा भोंगा आईकू यायचा. मी म्हणायची, बग, तुजे आण्णा बोलले, आता घास घी. आन् पोरगं घ्यायचं. एक गाडी, एक घास. पर दुपारी दीडपस्नं चारपतूर स्टँडावर गाडीच नसायची. भोंगा गप, की पोराचं तोंड गप. मी ह्यास्नी एवडंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन धाला भोंगा वाजला. 'चांदणवाडी, चांदणवाडी, चांदणवाडी.' लई येळ पुकारत हुते. वाटंतली गावं सांगत हुते, येकेक करून. परकाशनं वाटीभर भात खाल्ला बगा."

"चांदणवाडी कुठं आली?" मी विचारलं.

"कुटंच न्हाय. ह्यांच्या डोस्क्यात."

महिनाभर ती गाडी रोज लागली आणि रोज सुटली. कुणाला पत्ता नव्हता. पण एक म्हातारा गाठोडं घेऊन आठ दिवस चांदणवाडीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसला आणि नवव्या दिवशी त्याने लेखी तक्रार केली. "चांदणवाडीला त्याचं कोन पाव्हणं हुतं त्ये देवाला ठावं," मामी म्हणाल्या. मामांनी खुलाशात दोनच शब्द लिहिले. चूक झाली. पोराचं नाव काढलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी वेळापत्रक डोळ्यांपुढून हलवलं नाही. मेमोपेक्षा त्या म्हाताऱ्याची फसगत त्यांना जास्त लागली होती. आठ दिवस तो त्यांच्या खिडकीकडे बघत विश्वासाने बसला होता.

मी घरी परतलो तो मान खाली घालून. त्यानंतरचा दिवस मला मिनिटासकट आठवतो. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी मामा केंद्रात आले. अंगात जुनी खाकी, पोटावरच्या गुंड्या जिवावर उदार झालेल्या. म्हणाले, "माइक चालू करा." मी चाचरत म्हटलं, "मामा, पण वेळापत्रकात..." ते म्हणाले, "तुमाला इचारलंय का?" मग तीन फुंकरा मारल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीन. तीन वाजून दहा मिनिटांची जादा गाडी, चांदणवाडी, लागलेली आहे. कुमारी ईश्वरी यांनी आजीच्या मांडीवर बसून घ्यावे. आजींनी घाई करू नये. शेवटचा घास बसल्याशिवाय गाडी सुटणार नाही." आणि मग मामा थांबे सांगू लागले. गुळाची वस्ती. कण्यांचा फाटा. शेंगांचा मळा. अंड्याची वाडी. दोन थांब्यांमध्ये चावून गिळायला लागेल एवढा वेळ ते थांबत, घड्याळाकडे बघत. पंचवीस मिनिटं हे चाललं. मी काचेपलीकडे बसून होतो आणि माझं हसू कुठे संपलं ते मला कळलं नाही.

मामांचं मन कसं बदललं, ते मला आक्कांकडून कळलं. घड्याळ दाखवायला म्हणून गेलेले मामा खरं तर आक्कांच्या घरी गेले होते. ओट्यावर ईश्वरी बसली होती. मामा सहज म्हणाले, "काय गं?" आवाज ओळखून पोरीने तोंड उघडलं. तीन वाजून गेले होते. आक्का म्हणाल्या, "कंट्रोलरच्या हातात कायबी नव्हतं बगा. नुस्तं हुबं ऱ्हायलं. पोरगी त्वांड उगडून बसली, आन् ह्ये पिशवी चाचपाय लागले. पिशवीत किल्ल्या आन् गॉगल."

चांदणवाडी रोज सुटू लागली. वेळापत्रकात नसलेल्या त्या गाडीत गावोगावची सगळीच पोरं बसू लागली, कारण मामांचा आवाज म्हटला की त्यांना नाव-गाव बघायची सवय नव्हती. एकाने फोन करून चांदणवाडीला जमिनीचा काय भाव आहे विचारलं. पुण्याहून मला पत्र आलं. मान्यता नसलेलं प्रसारण का केलंत, खुलासा करावा. मी त्यावर लिहिलं, चूक झाली. मामांनी ते पत्र माझ्याकडून मागून नेलं. आता लग्नाच्या फोटोमागे दोन कागद आहेत.

वजनाच्या दिवशी मामा तासभर आधी अंगणवाडीत येऊन बसले होते. ताईंनी ईश्वरीला काट्याच्या झोळीत घातलं. पोर हलत होती, काटा हलत होता, आणि आक्कांनी डोळे मिटून पदर तोंडात धरला होता. काटा थांबला. ताईंनी दोनदा वाकून बघितलं आणि कार्डावर टिंब दिलं. मागच्या दोन टिंबांच्या वर. वर म्हणजे चांगलं वर, बोटभर. मला वाटलं, आता मामा काहीतरी पुकारणार. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि तो पुसतच राहिले. आक्का धावत घरी गेल्या आणि आनंदाच्या भरात मामांसाठी कपभर चहा आणि बशीत चार बिस्किटं घेऊन आल्या. बिस्किटं! मामांनी त्या वडापाकडे क्षणभर बघितलं, एक उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं. म्हणाले, "आजच्या दिवस."

ईश्वरी आता चार वर्षांची होईल. आपल्या हाताने जेवते, भाकरीचा कोपरा मोडून चटणीला लावते आणि मामांच्या घरावरून अंगणवाडीत जाताना त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी एकदा म्हटलं, मामा, पोरगी ओळख नाही दाखवत. मामा म्हणाले, "पोचलेला पॅशिंजर कंट्रोलरला भेटाय माघारी येत असतोय व्हय? पोचला, झालं की." चांदणवाडीला मात्र त्यांनी संस्थेचा शिक्का मिळवला आहे. ती आता रीतसर धावते.

गेल्या उन्हाळ्यात प्रकाश आला होता, त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन. प्रकाश आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. चाळिशी ओलांडली, पोट सुटलं. मी त्यांच्याकडे जेवायला होतो. त्याचं पोर खाईना. मोबाइलवर चित्रं लावून झाली, विमान उडवून झालं; प्रकाश हातात चमचा धरून घामाघूम. तो मला म्हणत होता, "अण्णांना म्हणावं आता आराम करा. या वयात रोज उठून ते कसलं पुकारणं! आणि ही चांदणवाडी काय भानगड आहे? आपल्याकडे असली गाडी होती का कधी?" मी मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "आसंल."

तेवढ्यात तीन दहा झाले. फळीवरच्या रेडिओतून तीन फुंकरा ऐकू आल्या, आणि मग मामांचा तो छापील आवाज. "चांदणवाडी, चांदणवाडी, चांदणवाडी." नातवाने काही तोंड उघडलं नाही; त्याला कुठली सवय! पण चमचा तसाच हवेत धरून, रेडिओकडे बघत, प्रकाशने आ वासला. भरवताना सगळेच आईबाप तोंड उघडतात म्हणा. पण मामींनी उठून थाळीतला भाताचा एक घास कालवला आणि आपल्या चाळिशीच्या मुलाच्या तोंडात घातला. त्याने तो खाल्ला. आपण का खाल्ला हे त्याला कळलं नाही, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही.